मणक्याची गादी सरकली आहे : शस्त्रक्रिया करावी की थांबावे? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही उत्तरे कोण देत आहे?

मी डॉक्टर नाही. नाशिकमधल्या सातपूरच्या एका कारखान्यात हिशेब विभागात काम करतो. सहा वर्षांपूर्वी माझी कमरेतली शेवटची, म्हणजे एल-५ (कमरेचा पाचवा मणका) आणि एस-१ (त्याखालच्या त्रिकास्थीचा पहिला मणका) यांच्यामधली गादी सरकली. त्यानंतर दीड वर्षाने निफाड तालुक्यात द्राक्षबाग करणाऱ्या माझ्या धाकट्या भावाची एल-४ आणि एल-५ यांच्यामधली गादी सरकली. माझी शस्त्रक्रिया झाली नाही, त्याची झाली, आणि आज दोघेही आपापल्या कामावर आहोत. तेव्हापासून नात्यातले आणि कॉलनीतले लोक एमआरआयची मोठी पिशवी काखेत मारून घरी येतात आणि साधारण तेच तेच प्रश्न विचारतात. त्यांना मी जे सांगतो, ते येथे लिहून ठेवले आहे. निदान आणि उपचार तुमच्या डॉक्टरांनीच ठरवायचे आहेत. त्यांच्यापुढे बसताना आपण कोणत्या गोष्टीचा निर्णय घेत आहोत हे तुम्हाला ठाऊक असावे, एवढाच या लेखनाचा हेतू आहे.

“मणक्यात गॅप आला आहे” म्हणजे नेमके काय झाले आहे?

हा शब्द आपल्याकडे इतका रुळला आहे की डॉक्टरही रुग्णाला समजावे म्हणून तोच वापरतात. पण तो दिशाभूल करतो, कारण गादी झिजली किंवा सरकली की दोन मणक्यांमधले अंतर वाढत नाही, उलट बहुधा कमी होते. कमरेत पाच मणके असतात आणि प्रत्येक दोन मणक्यांमध्ये एक गादी असते. तिच्याभोवती चिवट तंतूंचे कडे असते आणि आत मऊ, लिबलिबीत गर असतो. कडे कमकुवत झाले की गर मागच्या बाजूला फुगवटा धरतो, किंवा कडे फाटून बाहेर येतो, आणि कधी कधी त्याचा तुकडा सुटून मणक्याच्या पोकळीत पडतो. शेजारून पायाकडे जाणारी नस त्याखाली दबते. शिवाय त्या गरामुळे नसेला सूजही येते. म्हणूनच बिघाड कमरेत असतो आणि कळ मात्र कुल्ल्यातून मांडीच्या मागून पोटरीपर्यंत, कित्येकदा पावलापर्यंत जाते. हीच सायटिका; आयुर्वेदात तिला गृध्रसी म्हणतात. कमरेतल्या गाद्यांपैकी सरकणाऱ्या बहुतेक गाद्या शेवटच्या दोन जागांवरच्या असतात. साऱ्या शरीराचा भार आणि वाकण्याचा ताण तेथेच एकवटतो.

कोणत्या लक्षणांत विचार करत बसू नये?

लघवी तुंबली, लघवी लागल्याची किंवा झाल्याची जाणीव गेली, शौचावरचा ताबा सुटला, किंवा सायकलच्या सीटला टेकतो तेवढा भाग, म्हणजे जननेंद्रिये, गुदद्वार आणि मांड्यांची आतली बाजू बधिर झाली, तर त्याच दिवशी, रात्र असली तरी, मणक्याची शस्त्रक्रिया होऊ शकेल अशा रुग्णालयात पोहोचावे. दोन्ही पायांत एकदम कळ, मुंग्या आणि अशक्तपणा येणे हेही त्याच संकटाचे चिन्ह असू शकते. मणक्याच्या तळाशी असलेला नसांचा अख्खा जुडगाच दाबला गेल्याने असे होते. यात दाब लवकरात लवकर, जास्तीत जास्त ४८ तासांच्या आत काढावा असे मानले जाते. उशीर झाला तर लघवीवरचा ताबा कायमचा जाऊ शकतो. ही अवस्था दुर्मीळ आहे, पण ती आली की “सोमवारी दाखवू” म्हणण्याची सोय उरत नाही. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी आणि फोनवरच लघवीचे लक्षण सांगावे. आपल्याकडे लोक कंबर दुखते असे सांगतात आणि लघवीची गोष्ट संकोचाने गिळून टाकतात.

दुसरे तातडीचे लक्षण म्हणजे दिवसागणिक वाढणारा पायाचा अशक्तपणा. त्याविषयी पुढे सविस्तर लिहिले आहे. गादीच्या दुखण्याबरोबर ताप, विनाकारण घटणारे वजन किंवा पूर्वी झालेला कर्करोग यांपैकी काही असेल, तर दुखण्याचे कारण वेगळेच असू शकते, म्हणून तेही डॉक्टरांना आधी सांगावे.

रिपोर्टमध्ये मोठा फुगवटा आणि “नसेवर दाब” असे लिहिले आहे. मग शस्त्रक्रिया अटळ आहे का?

नाही. हा प्रश्न मला सर्वांत जास्त वेळा विचारला गेला आहे, म्हणून थोडे लांब उत्तर देतो.

१९९४ मध्ये अमेरिकेत, ज्यांची कंबर कधी दुखली नव्हती अशा ९८ लोकांचे एमआरआय काढण्यात आले. सगळ्या गाद्या ठीकठाक असलेले त्यांत फक्त ३६ टक्के निघाले. ५२ टक्के लोकांच्या निदान एका गादीला फुगवटा होता आणि २७ टक्क्यांची गादी त्याहून पुढे आलेली होती. याचा अर्थ असा, की कॉलेज रोडवर सकाळी मजेत फिरणाऱ्या मंडळींना यंत्रात घातले, तर अर्ध्याअधिकांच्या हातात घाबरवणारा कागद पडेल. एमआरआय हा निवडणूक ओळखपत्रावरच्या फोटोसारखा आहे. माणूस तोच असतो, पण त्याच्यावरून तब्येत कळत नाही.

रिपोर्टला वजन येते ते तीन गोष्टी जुळल्यावर : कळ ज्या वाटेने जाते ती वाट, तपासणीत सापडलेली ताकदीची किंवा संवेदनेची कमतरता, आणि चित्रात दबलेली दिसणारी नस. एल-४ व एल-५ यांच्यामधली गादी सामान्यतः एल-५ ची नस दाबते; तेव्हा पावलाच्या वरच्या भागात बधिरपणा येतो आणि अंगठा वर उचलताना जोर लागत नाही. त्याखालची गादी एस-१ ची नस दाबते. तेव्हा पोटरी आणि पावलाची बाहेरची कड दुखते, चवड्यावर उभे राहता येत नाही आणि टाचेमागे हातोडी मारल्यावर पाऊल उडत नाही. उजवा पाय दुखत असेल आणि चित्रात डावीकडची नस दबलेली असेल, तर ते चित्र तुमच्या दुखण्याचे नाही.

माझ्या बाबतीत पहिल्या डॉक्टरांनी फिल्म उजेडाला धरली, तीन मिनिटांत दुसऱ्या दिवशीची तारीख दिली आणि बाहेर बसलेल्या माणसाकडे विम्याचे कागद द्यायला सांगितले. माझ्या पायातला मोजासुद्धा कोणी काढायला लावला नव्हता. दुसऱ्या डॉक्टरांनी फिल्मच्या पिशवीला हात लावण्याआधी मला टेबलावर उताणे झोपवून एकेक पाय सरळ वर उचलला, टाचणीने पावलांना टोचून दोन्हीकडे सारखे लागते का ते विचारले आणि खोलीतल्या खोलीत टाचांवर चालायला लावले. तारखेचा विषय त्यानंतर निघाला. पाय न तपासता शस्त्रक्रियेचा सल्ला मिळाला, तर दुसरे मत घ्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

पाय दुखत नाही, फक्त कंबर दुखते. शस्त्रक्रियेने कंबर बरी होईल का?

गादीचा सरकलेला भाग काढण्याची शस्त्रक्रिया ही पायासाठी असते. दबलेली नस मोकळी झाली की पायातली कळ थांबते, आणि यात तिचे यश चांगले आहे. केवळ कंबरदुखीसाठी तिचा तसा भरवसा देता येत नाही. पायाचे दुखणे गेल्यावरही कंबर अधूनमधून धरते, अशी तक्रार शस्त्रक्रिया उत्तम झालेले लोकही करतात. माझा भाऊही करतो. “ऑपरेशन करूनही कंबर दुखतेच” असे जे ऐकू येते, त्यातल्या बऱ्याच कहाण्यांच्या मुळाशी चुकीची अपेक्षा असते.

सरकलेली गादी आपोआप मागे जाते का?

ती जागेवर सरकत नाही, पण बाहेर आलेला गर शरीर हळूहळू शोषून घेते. यातली नवलाची बाब अशी, की जो तुकडा जास्त बाहेर आला आहे किंवा पूर्ण सुटून पडला आहे, तो विरघळण्याची शक्यता अधिक असते. २०१५ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून काढलेल्या आकड्यांनुसार सुटून पडलेले सुमारे ९६ टक्के तुकडे लहान झाले किंवा नाहीसे झाले, तर नुसत्या फुगवट्यांपैकी फक्त १३ टक्के कमी झाले. कारण असे, की कड्याबाहेर आलेल्या गराला शरीर परके मानते आणि रक्तातल्या पेशी त्याच्यावर तुटून पडतात. म्हणून “फार मोठी आहे, लगेच काढा” हे वाक्य केवळ आकाराच्या आधारावर बोलले जात असेल, तर ते पुरेसे नाही.

मग किती दिवस थांबावे?

तातडीची लक्षणे नसतील, तर पहिले सहा आठवडे थांबावे, यावर जगभरच्या डॉक्टरांचे बऱ्यापैकी एकमत आहे, कारण बहुसंख्य लोकांची कळ याच काळात उतरणीला लागते. खरा प्रश्न सहा आठवड्यांनंतरचा आहे.

नेदरलँड्समध्ये सहा ते बारा आठवडे सायटिकाने त्रस्त असलेल्या २८३ रुग्णांवर झालेला एक अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे निम्म्यांची लवकर शस्त्रक्रिया ठरवण्यात आली आणि उरलेल्यांना थांबवण्यात आले. लवकर शस्त्रक्रिया झालेल्यांची कळ लवकर गेली. थांबलेल्यांपैकी ३९ टक्क्यांना पुढे शस्त्रक्रिया करावीच लागली, म्हणजे उरलेल्या ६१ टक्क्यांना त्या काळात ती लागली नाही. आणि एक वर्षानंतर पाहिले, तर दोन्ही गटांतले ९५ टक्के लोक बरे झाले होते. त्याआधी १९८३ मध्ये नॉर्वेतून प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातही पहिल्या वर्षी शस्त्रक्रियेची बाजू वरचढ होती आणि दहा वर्षांनंतर फरक उरला नव्हता.

यावरून मी असा अर्थ लावतो, की ज्याच्या पायात ताकद शाबूत आहे, तो शस्त्रक्रिया करताना मुख्यतः वेळ विकत घेत असतो. चार महिन्यांत गेली असती ती कळ चार आठवड्यांत जाते. त्या तीन महिन्यांची किंमत प्रत्येकाला वेगळी असते. मला बिनपगारी का होईना रजा मिळत होती आणि उभ्याने काम करण्यासाठी एक उंच टेबल मिळाले. पंचवटीत भाजीची हातगाडी लावणाऱ्या माणसाला, किंवा घरात लहान मूल आणि अंथरुणाला खिळलेली सासू अशा दोघांचे करणाऱ्या बाईला तेच तीन महिने परवडतीलच असे नाही. तिने सातव्या-आठव्या आठवड्यात शस्त्रक्रिया निवडली, तर तिला कोणी उतावळी म्हणू नये.

दुसऱ्या टोकालाही चूक होते. चार ते बारा महिने कळ सोसलेल्या १२८ रुग्णांवरचा कॅनडातला अभ्यास २०२० मध्ये आला. सहा महिन्यांनी शून्य ते दहाच्या मापावर शस्त्रक्रिया झालेल्यांचे पायाचे दुखणे सरासरी २.८ होते, तर इतर उपचार घेणाऱ्यांचे ५.२. तेव्हा चार महिने नीट उपचार करूनही कळ तसूभर हलली नसेल, तर आणखी वर्षभर दिवस काढण्यात शहाणपण नाही.

थांबण्याच्या काळात काय करावे?

झोपून राहू नये. १९९९ मध्ये नेदरलँड्समध्येच १८३ रुग्णांवर पडताळून पाहिले गेले, तेव्हा दोन आठवड्यांच्या सक्तीच्या विश्रांतीचा काहीही जादा फायदा दिसला नाही. एक-दोन दिवस अंग टेकावे, आणि नंतर कळ सोसेल तेवढे, थोडे थोडे पण दिवसातून अनेकदा चालावे. मी पहिल्या आठवड्यात घरातल्या घरात, दुसऱ्यात इमारतीभोवती आणि महिन्याने कृषीनगरच्या जॉगिंग ट्रॅकवर एक फेरी, असा वाढवत गेलो. बसणे सर्वांत वाईट, कारण बसल्यावर गादीवरचा दाब वाढतो. सातपूर रस्त्यावरच्या खड्ड्यांतून स्कूटर नेणे तर पूर्ण बंद ठेवावे. फिजिओथेरपिस्टकडून व्यायाम शिकून घ्यावेत आणि ज्या व्यायामाने कळ पोटरीतून वर कमरेकडे सरकते तो चालू ठेवावा, ज्याने ती खाली उतरते तो थांबवून त्यांना कळवावे.

वेदनाशामक गोळ्या लागतात, पण रक्तदाब, मूत्रपिंड किंवा पोटातल्या व्रणाचा त्रास असेल तर त्या मनाने घेऊ नयेत. नसेच्या दुखण्यासाठी सर्रास लिहिले जाणारे प्रीगाबालिन हे औषध सायटिकामध्ये बिनऔषधी गोळीपेक्षा सरस ठरले नाही, असे २०१७ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या अभ्यासात दिसले. गरगरणे मात्र वाढले. तुम्ही ते घेत असाल तर एकदम बंद करू नका, डॉक्टरांना विचारून कमी करा. कमरेचा पट्टा प्रवासापुरता ठीक आहे, आणि वजने लावून कंबर ताणण्याने नस मोकळी होते याला भक्कम आधार नाही.

राहता राहिला गावठी इलाज. आमच्या आईने मला पायाळू माणसाकडून कमरेवर लाथ मारून घ्यायला सांगितले होते. साध्या उसणीत या प्रकाराने काही बिघडत नसेल, पण गादी सरकून पाय बधिर झालेला असताना कोणालाही कमरेला हिसका देऊ देऊ नये, मग तो पायाळू असो, हाड बसवणारा असो की पाठीवर उभा राहणारा मालिशवाला. आईचा मान राखण्यासाठी मी त्या गृहस्थांचा पाय कमरेला नुसता लावून घेतला.

मणक्यात इंजेक्शन घ्यावे का?

नसेजवळ दिलेले स्टेरॉइडचे इंजेक्शन काही लोकांची कळ काही आठवडे कमी करते आणि तेवढ्यात शरीराला गर शोषायला अवधी मिळतो. रात्र रात्र झोप नाही, पण पायात ताकद आहे, अशा माणसाला ते उपयोगी पडू शकते. त्याने गादी बरी होत नाही. मधुमेह असेल तर पुढचे काही दिवस साखर वाढते, हे आधी लक्षात ठेवावे, आणि रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ती न सांगता इंजेक्शन घेऊ नये.

पायातली ताकद कमी होत आहे हे घरी कसे ओळखावे?

रोज सकाळी एकाच वेळी, स्वयंपाकघराच्या ओट्याला हाताचा आधार घेऊन तीन गोष्टी पाहाव्यात. टाचांवर दहा पावले चालता येते का; एका पायावर उभे राहून टाच दहा वेळा पूर्ण उचलता येते का; आणि खुर्चीत बसून अंगठा वर ओढून धरला असता घरातल्या माणसाने बोटाने खाली दाबल्यावर तो टिकतो की पडतो. दोन्ही पायांची तुलना करावी. दुखते म्हणून न जमणे वेगळे आणि दुखत नसतानाही स्नायू ऐकत नाही हे वेगळे. दुसरे झाले तर वाट पाहू नये.

माझ्या भावाची गोष्ट येथेच सांगायला हवी. फेब्रुवारीत ऐन काढणीत वीस-वीस किलोचे क्रेट उचलताना त्याची कंबर धरली आणि उजव्या पायात कळ गेली. चार दिवसांनी कळ आपोआप कमी झाली, म्हणून तो खूश होता. मग एका संध्याकाळी बागेतून घरी आला तो एकाच पायात चप्पल घालून. “दादा, चप्पल कुठं निसटली, कळलंच नाही,” असे त्याने मला फोनवर हसत सांगितले. मी त्याला टाचांवर चालायला लावले, तर उजवे पाऊल फरशीवर फटकन आपटत होते. नस फार दाबली गेली की कधी कधी दुखणे कमी होते आणि ताकद जाते. त्याला आराम वाटत होता तो हाच. तरीही “माल उतरला की बघू” म्हणून त्याने आणखी आठ दिवस घालवले. शस्त्रक्रिया झाल्यावर पाऊल उचलायला लागले, पण पूर्ववत व्हायला नऊ महिने गेले आणि अंगठ्याचा जोर आजही डाव्याइतका नाही. ते आठ दिवस वाचले असते तर अंगठा पूर्ण सुधारला असता का, हे कोणी छातीठोकपणे सांगू शकत नाही. पण त्याच्या जागी मी असतो तर माल दुसऱ्या कोणाकडून उतरवून घेतला असता.

शस्त्रक्रियेत नेमके काय करतात? स्क्रू बसवावे लागतात का?

गादीमुळे पायात कळ येते हे १९३४ मध्ये मिक्स्टर आणि बार या अमेरिकी शल्यचिकित्सकांनी दाखवून दिले, तेव्हापासून ही शस्त्रक्रिया होत आली आहे. १९७७ च्या सुमारास सूक्ष्मदर्शक आल्यावर चीर लहान झाली. आज पाठीवर साधारण दोन-तीन सेंटिमीटरची चीर देऊन, हाडाचा थोडा भाग कोरून, नस बाजूला धरून बाहेर आलेला तुकडा काढतात. सगळी गादी काढत नाहीत. दुर्बिणीतून केली तर चीर आणखी लहान असते. मात्र पायाच्या कळीवरचा अंतिम परिणाम साधारण सारखाच असतो, म्हणून पद्धतीपेक्षा त्या डॉक्टरांचा त्या पद्धतीतला सराव महत्त्वाचा.

पहिल्यांदाच सरकलेल्या साध्या गादीसाठी स्क्रू आणि सळ्या घालून मणके जोडण्याची सहसा गरज नसते. मणका पुढे घसरलेला असेल किंवा सांधा अस्थिर असेल, तर गोष्ट वेगळी. स्क्रूचा सल्ला मिळाला, तर “माझा मणका अस्थिर आहे हे कशावरून?” असे विचारावे आणि पुढे-मागे वाकून काढलेले एक्स-रे दाखवायला सांगावे.

लेझर किंवा ओझोनने टाके न घालता गादी बरी होते का?

जाहिराती जेवढ्या ठाम आहेत तेवढा पुरावा ठाम नाही, आणि सुटून पडलेल्या तुकड्यावर तर त्यांचा फारसा उपयोग नसतो.

“मणक्याचे ऑपरेशन केले की माणूस अंथरुणाला खिळतो” हे खरे आहे का?

ही भीती प्रत्येक घरात असते आणि ती थट्टेवारी नेऊ नये. पण कमरेच्या या भागात मज्जारज्जू नसतो. तो बहुतेकांत कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपतो आणि खाली नसांचा जुडगा उरतो. त्यामुळे शेवटच्या दोन गाद्यांच्या शस्त्रक्रियेत दोन्ही पाय कायमचे जाण्याचा प्रसंग अत्यंत विरळ आहे. घडू शकणाऱ्या गोष्टी वेगळ्या आहेत : नसेवरच्या आवरणाला छिद्र पडून पाणी गळणे, जखमेत किंवा गादीच्या जागेत जंतुसंसर्ग, एखाद्या नसेला इजा, रक्ताची गाठ, भूल देण्याचे धोके. आणि सर्वांत जास्त आढळणारी गोष्ट म्हणजे त्याच जागी गर पुन्हा बाहेर येणे. शंभरात साधारण पाच ते दहा जणांना ते होते. तंबाखू आणि सिगारेटने गादीचा रक्तपुरवठा आणि जखम भरणे दोन्ही बिघडते, तर अनियंत्रित मधुमेहाने जंतुसंसर्ग वाढतो. तारखेच्या आधीचे पंधरा दिवस या दोन गोष्टींवर खर्च केले, तर ते वाया जात नाहीत.

नाशिकमध्ये करावी की मुंबई-पुण्याला जावे?

साध्या, पहिल्या शस्त्रक्रियेसाठी कसारा घाट उतरण्याची गरज मला वाटत नाही. मणक्याची नियमित शस्त्रक्रिया करणारे अस्थिरोग आणि मेंदूरोग शल्यचिकित्सक नाशिकमध्ये आहेत; दोघांपैकी कोणीही चालतो, त्याने ही शस्त्रक्रिया सतत केलेली असावी. शिवाय टाके पाहायला, ताप आला तर दाखवायला पुन्हा जावे लागते, आणि ताज्या जखमेने चार तास गाडीत बसणे हे आजाराहून वाईट. पूर्वी एकदा शस्त्रक्रिया फसली असेल, मणका घसरलेला असेल किंवा गाठीचा संशय असेल, तर मात्र मोठ्या शहरातले मत घेणे योग्य.

खर्चाचे काय?

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत २०२३ च्या शासन निर्णयाने विमा संरक्षण प्रति कुटुंब प्रति वर्ष ५ लाख रुपयांपर्यंत वाढवले गेले आणि शिधापत्रिकाधारक सर्व कुटुंबांना ती खुली झाली. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसतो. तुमच्यासाठी सुचवलेली नेमकी शस्त्रक्रिया त्या रुग्णालयात योजनेखाली होते का, हे दाखल होण्याआधी त्याच्याकडून पक्के करावे. त्र्यंबक नाक्याजवळच्या जिल्हा शासकीय रुग्णालयातही चौकशी करावी.

खासगी विमा असेल तर पॉलिसीतला प्रतीक्षा कालावधीचा तक्ता वाचावा. गादी सरकणे हा आजार बऱ्याच पॉलिसींमध्ये पहिली दोन वर्षे वगळलेला असतो, अपघाताने झाला असेल तर नसतो. केसपेपरवर “तीन वर्षांपासून कंबरदुखी” असे सहज लिहिले गेले, की दावा अडकतो. म्हणून डॉक्टरांना इतिहास खराच सांगावा, पण नेमका सांगावा : पायाची कळ कोणत्या तारखेला सुरू झाली, हे वेगळे सांगावे.

कामावर परत कधी जाता येते?

बहुतेकांना त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी चालवतात आणि एक-दोन दिवसांत घरी सोडतात. टेबलावरचे काम साधारण दोन ते सहा आठवड्यांत सुरू होते. अंगमेहनतीच्या कामाला निदान तीन महिने धरावेत. भावाने उन्हाळ्यातली खरड छाटणी मजुरांवर सोपवली आणि ऑक्टोबर छाटणीला तो कात्री घेऊन बागेत उभा राहिला. क्रेट मात्र त्याने त्या हंगामात उचलले नाहीत आणि ट्रॅक्टरच्या सीटवर जाड फोम टाकून घेतला. सप्तशृंगी गडाच्या पायऱ्या चढायचा नवस घरच्यांनी केला असेल, तर देवीला थोडी मुदत मागून घ्यावी.

दोन डॉक्टरांनी दोन सल्ले दिले. कोणाचे ऐकावे?

दोघांनाही एकच प्रश्न विचारावा : “मी आणखी सहा आठवडे थांबलो, तर माझे कायमचे काय नुकसान होऊ शकते?” एकाने “पायाची ताकद” असे उत्तर देऊन ती कमी झाल्याचे तुमच्या पायावर दाखवले, तर त्याचे ऐकावे. “दुखणे सोसावे लागेल, एवढेच” असे उत्तर आले, तर दोन्ही सल्ले बरोबर असू शकतात आणि निवड तुमची आहे. “केव्हाही लकवा मारेल” एवढेच सांगून कोणी घाई करत असेल, तर तिसरीकडे जावे.

ठरलेली तारीख रद्द करता येते का?

येते. मी केली होती. दुसऱ्या डॉक्टरांकडे नवव्या आठवड्याच्या शेवटी माझी तारीख ठरली होती, कारण तोवर फारसा फरक नव्हता आणि माझाही धीर सुटला होता. तारखेच्या पाच दिवस आधी रात्री मी पहिल्यांदा सलग चार तास झोपलो, आणि दोन दिवसांनी लक्षात आले, की कळ गुडघ्याच्या खाली उतरत नाही. डॉक्टरांना फोन करायला संकोच वाटत होता. त्यांनी मला बोलावले, पाय पुन्हा उचलून पाहिला. आधी पस्तीस अंशांवर ओरडणारा मी आता साठपर्यंत गप्प होतो. त्यांनी तारखेवर काट मारली आणि तीन आठवड्यांनी दाखवायला सांगितले. आगाऊ भरलेली रक्कम परत मिळते का, हे मात्र तारीख घेतानाच विचारून ठेवावे. आणि थांबल्यानंतर काही महिन्यांनी पुन्हा शस्त्रक्रियेचा विचार करावा लागला, तर जुन्या एमआरआयवर शस्त्रक्रिया करू देऊ नये. मधल्या काळात तो तुकडा विरघळूनही गेलेला असू शकतो.